मोजणीवाली बाई

आमच्या घरात गाडी आम्ही दोघंही चालवतो, पण गाडीची कामं निघाली की ती माझी. नवरा पणजीला नोकरीला. शनिवारी रात्री येणार, रविवारी दुपारी सुरमई खाऊन आडवा होणार आणि सोमवारी पहाटे परत. त्यामुळे गाडीचं निदान तो फोनवरून करतो. "आवाज कसला येतो? जरा काढून दाखव." मग मी मालवणच्या मासळी बाजारात, एका हातात बांगड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन, "खट्... खट्... खळ्ळ... आणि वळणावर जरासं कुईं" असं म्हणते. बांगडे देणारी बाई दोन पावलं मागे सरते. पलीकडून नवरा शांतपणे विचारतो, "खळ्ळ आधी की कुईं आधी?"

गाडी २०१४ सालची. अकरा वर्षं ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी आहे. वर्षभर खारा वारा, आणि पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. वरून बघाल तर अजून बरी दिसते. खालून तिला फक्त मेस्त्रींनीच बघितलंय, आणि दर वेळी बाहेर आल्यावर ते काही न बोलता आधी पाणी पितात.

गाडीच्या कामातला मोठा भाग म्हणजे बसून राहणं. "दोन तासान येवा" असं सांगतात, पण गाडी त्यांच्याकडे, मग जायचं कुठे? तिथे एक प्लास्टिकची खुर्ची असते, जिचा एक पाय बाकीच्या तिघांशी बोलत नाही. भिंतीवर तीन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर असतं. आणि येणारा प्रत्येक माणूस मला बघून विचारतो, "सायब खंय गेले?" साहेब पणजीला आहेत, गाडी माझ्या नावावर आहे आणि तिचे हप्ते मी फेडलेत, हे सगळं प्रत्येकाला सांगत बसण्यापेक्षा मी "येतायत" म्हणून टाकते.

माझी ही व्यथा ऐकून लेकीने मे महिन्यात तिचा जुना कॅमेरा मला दिला. सोबत एकच लेन्स, पन्नास मिलिमीटरची. ही लेन्स झूम होत नाही. वर या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे पन्नासची लेन्स त्यावर ऐंशीसारखी वागते. म्हणजे समोरचं पूर्ण दिसायला हवं असेल तर आपणच मागे जायचं. "पायाने झूम करायचं, आई," लेक म्हणाली. मागे काय आहे ते बघून जायचं, हे सांगायला ती विसरली.

पहिले दोन महिने मी सगळे करतात तेच केलं. रॉक गार्डनला जाऊन सूर्यास्त काढले, जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ला काढला, चिवल्याला जाऊन माड काढले. किल्ला बांधायला महाराजांच्या माणसांना १६६४ ते १६६७ अशी तीन वर्षं लागली होती, मी तो तीन सेकंदांत काढला आणि तो तसाच दिसत होता. लेकीने सगळे फोटो बघितले आणि म्हणाली, "आई, हे 'शुभ संध्याकाळ' लिहून पाठवायचे फोटो आहेत." मग तिने मला रघुबीर सिंहांचे फोटो दाखवले. जयपूरला १९४२ मध्ये जन्मलेला आणि १९९९ मध्ये गेलेला हा माणूस. फोटो म्हणजे काळा-पांढरा असं मोठमोठे लोक मानत होते, त्या काळात त्याने रंगीत फिल्म घेऊन देश पालथा घातला. त्यातले कितीतरी फोटो अँबॅसिडर गाडीचे, किंवा तिच्या आतून काढलेले: उघडं दार, काचेचा तुकडा, बाजूचा आरसा, आणि त्या चौकटींत अडकलेला रस्ता, माणसं, जनावरं. "त्यांना अँबॅसिडर पुरली," लेक म्हणाली, "तुला हॅचबॅक का पुरू नये?" अँबॅसिडरचं उत्पादन आमची गाडी आली त्याच वर्षी थांबलं, हे मी तिला ऐकवलं. पोकळी भरून काढण्याची जबाबदारी आता आमच्यावरच होती.

तर चतुर्थीला आठ दिवस उरलेले आणि गाडीची चार कामं एकाच दिवशी. नवी नंबरप्लेट, पीयूसी, डाव्या चाकाचा तो खळ्ळ, आणि चौथं काम, जे सकाळी घरातून निघताना यादीत नव्हतं.

नंबरप्लेटचं असं की १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना ती नवी सुरक्षित पाटी लावायची होती. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि आम्ही प्रत्येक मुदत संपायच्या आदल्या आठवड्यात घाबरत गेलो. शेवटी कुडाळात तारीख मिळाली. तिथल्या पोराने पुढची जुनी पाटी काढली आणि मी गाडीवरून नजरच काढू शकले नाही. पाटीखालच्या जागेवर अकरा वर्षं ऊन पडलं नव्हतं. तिथे आमच्या गाडीचा मूळचा पांढरा रंग होता, शोरूममधून आणली त्या दिवशीचा. भोवती लाल धुळीची बारीक किनार. आणि दोन स्क्रूंच्या भोकांतून खाली ओघळलेल्या गंजाच्या दोन रेघा. रडून रडून झोपलेल्या मुलाचा चेहरा दिसावा, तशी गाडी दिसत होती.

"एक मिनिट थांब हां," म्हणत मी कॅमेरा काढला आणि मागे सरले. चेहरा चौकटीत मावेना म्हणून आणखी मागे सरले.

"ओ मॅडम, लायनीत घुसू नका!" मागचे गृहस्थ ओरडले. मी त्यांच्या आणि त्यांच्या बोनेटच्या मध्ये उभी होते.

इकडे पाटीवाल्या पोराचा चेहरा बदलला. पाटी कुणी कॅमेऱ्यात घेत नाही, घेतलीच तर मोबाईलवर आणि दंडासाठी. "मॅडम, तक्रारीचा काय आसा काय?" त्याने हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. ते त्याला पटलं नाही. त्याने नवी पाटी फडक्याने पुसली. दोन्ही बाजूंनी हात लावून समतल आहे का ते बघितलं, मागे जाऊन एक डोळा मिटून पुन्हा बघितलं. निळं अशोकचक्र चमकत होतं, अक्षरांवर तिरकं तिरकं बारीक 'इंडिया' छापलेलं होतं, आणि माझ्या आधीच्या तीन गाड्यांच्या पाट्या बसवायला लागला तेवढा सगळा वेळ त्याने माझ्या एकटीच्या पाटीला दिला. निघताना "बसा, चाय मागवतंय" असंही म्हणाला. गळ्यात कॅमेरा असेल तर साहेब कुठे आहेत असं कुणी विचारत नाही, हा शोध मला तिथे लागला.

नेरूरपारचा पूल ओलांडून पुढे आले आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. खळ्ळच्या जोडीला आता फस्स आलं होतं. नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "फस्स नीट काढ, फ्स्स की फस्सss?" मी फोन ठेवला.

नशीब असं की दोन वळणांवर पंक्चरचं दुकान होतं. म्हणजे चार वासे, वर निळी ताडपत्री, आणि रस्त्याकडेला फणसाच्या फांदीला टांगलेलं जुनं टायर, ज्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने 'पंचर' लिहिलेलं. 'र' ला जागा उरली नव्हती म्हणून तो टायरच्या पलीकडच्या बाजूला गेला होता. मालवणकडून येणाऱ्याला 'पंच' दिसायचं आणि कुडाळकडून येणाऱ्याला नुसता 'र'. हा फोटो मी दोन्हीकडून काढला.

दुकानदाराने चाक काढलं, साबणाचं पाणी टायरवर ओतलं आणि चाक हळूहळू फिरवायला लागला. एका ठिकाणी बुडबुडे आले. आधी मोहरीएवढे, मग वाटाण्याएवढे, मग एक आवळ्याएवढा मोठा झाला आणि तसाच राहिला. मी वाकून बघितलं. त्याच्यात आभाळ होतं, उलटे माड होते, निळी ताडपत्री होती आणि मधोमध मी होते, चिंचोळ्या डोक्याची. पावसाळी ढगाळ उजेड असा सगळीकडून सारखा येत होता, कुठे सावली नाही, कुठे चमक नाही. मी ओल्या मातीत गुडघे टेकले. पण ही लेन्स दीड फुटाच्या आत फोकस करत नाही. मागे सरून फोकस साधेपर्यंत तो फुटला. दुकानदाराने बिचाऱ्याने पुन्हा पाणी ओतलं. पुन्हा आवळा, पुन्हा फुटला. चौथ्या आवळ्याला दुकानदार म्हणाला, "वैनी, काढू काय आता ह्यां?" आणि पकडीने टायरमधून जे काढलं ते माझ्या तळहातावर ठेवलं.

गंजलेला स्क्रू. नंबरप्लेटचा.

मी कॅमेऱ्यात मागे गेले. रडणाऱ्या गाडीचा फोटो उघडला, मोठा केला, सरकवत सरकवत खालच्या डाव्या कोपऱ्यात आले. चाकापुढे वीतभर अंतरावर, ओल्या सिमेंटवर तो पडला होता, टोक वर करून. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा आणि महत्त्वाची वस्तू रेघा छेदतात तिथे ठेवा, असं लेकीने शिकवलं होतं. मला आजवर हे एकदाही जमलं नव्हतं. स्क्रूला जमलं होतं.

मी हे दुकानदाराला दाखवतच होते, तेवढ्यात मागून आवाज आला. "मोजणी करूक इलास?"

वळून बघितलं. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, हातात छत्री, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. "नाही हो आजोबा, मी पंक्चर काढायला थांबलेय."

"पंक्चर काढतत ते जमनीवर बसून फोटो काढणत नाय." या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "रस्तो रुंद करतले काय? आमच्या बाजून की तेंच्या?"

मी त्यांना सांगितलं की मी एका शाळेत क्लार्क आहे. 'क्लार्क' हा शब्द वापरायला नको होता. आजोबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सरकारी माणूस सरकारी असल्याचं पहिल्या झटक्यात कबूल करत नाही, हे त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं. मी जितकं नाही म्हणत गेले, तितका माझा हुद्दा वाढत गेला. "चला, गडगो दाखवतंय," म्हणून ते चालायला लागले. दुकानदार माझ्याकडे न बघता म्हणाला, "जावा. पट्टी मारूक वेळ लागतलो." ट्यूबलेसला पट्टी मारायला पाच मिनिटं लागतात. हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

गडगा साधा होता. जांभ्या दगडांचा, एकावर एक नुसते रचलेले, मध्ये सिमेंट नाही की चुना नाही, कमरेएवढा उंच. पण दोन महिने पाऊस खाऊन त्याच्यावर असं शेवाळ चढलं होतं की दगडाचा लाल आणि शेवाळाचा हिरवा कुठे भेटतात ते सांगता येईना. फटींतून तेरडा आला होता, गुलाबी. एका दगडावर गोगलगाय कुडाळच्या दिशेने निघाली होती. मालवणात जन्म गेला, असे गडगे हजारांनी बघितले असतील, खरं तर बघितलेच नसतील. आजोबा मात्र शेवाळ दाखवत नव्हते. "ह्यो दगड आमचो. हयसून थयपर्यंत आमचो. तो जो फणस दिसता, तेचो बुंधो आमचो आणि फांदी तेंची."

मग ते घरात गेले आणि डोक्यावरच्या पिशवीसारख्याच दुसऱ्या पिशवीत गुंडाळलेला सातबारा घेऊन आले. त्यावर नावं सत्तावीस. त्यातली एकोणीस मुंबईला, तीन देवाघरी आणि एकजण असा, की जो आहे की नाही यावर बाकीच्यांचं एकमत नाही. "ह्येच्यासकट काढा," आजोबा म्हणाले. गडग्याला पाठ लावून उभे राहिले, सातबारा छातीशी धरला आणि चेहरा असा केला, जसा आमच्याकडे मतदानाच्या ओळखपत्रावर असतो.

मी मागे सरले. खरं सांगते, तो माझा त्या दिवसाचाच नव्हे, तीन महिन्यांतला पहिला फोटो होता जो काढताना मी लेन्सबद्दल विचार केला नाही. ओला गडगा, पांढरी बंडी, पिवळा पडलेला कागद, आणि कागदाच्या वरच्या कडेवर घट्ट आवळलेली दहा बोटं.

"मोठ्या सायबाक दाखवशात मा?"

"दाखवीन," मी म्हटलं. लेकीला दाखवणारच होते. आमच्या घरात फोटोंच्या बाबतीत तीच मोठी साहेब आहे. "आणि तुम्हाला कॉपी आणून देते, चतुर्थीच्या आधी."

"तीन प्रती," आजोबा म्हणाले. सरकारी कामाचं त्यांना सगळं ठाऊक होतं.

पीयूसीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पेट्रोल पंपाबाहेर उभी एक जुनी ओम्नी, तिच्यात संगणक, संगणकापुढे एक मुलगा. त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आहे म्हणाला, आणि मग कॅमेरा उचलून माझ्या कोऱ्या पाटीचा फोटो काढला. एकच. न वाकता, न मागे सरता, उजेड न बघता. तो फोटो दाखल्यावर छापून आला आणि सरकारने तो वर्षभरासाठी मान्यही केला. माझा इतका एकही फोटो अजून कुणी मान्य केलेला नाही.

कुंभारमाठला मेस्त्रींकडे पोचले तेव्हा चार वाजले होते. त्यांच्या गॅरेजला लागूनच गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायची जागा, आहे आणि दोघांत मिळून एकच कॉम्प्रेसर. त्याचा पाइप भिंतीतल्या भोकातून पलीकडे जातो. इकडे गाडीच्या दाराला रंग मारून झाला की तिकडे गणपतीच्या पितांबराला. चतुर्थी तोंडावर म्हणजे मुंबईहून खड्डे खात येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांचीही गर्दी आणि गणपतींचीही. "तुमचो नंबर सातवो," मेस्त्री म्हणाले. "आधी दोन गाडये, मगे तिकडचे चार गणपती."

मी पलीकडे गेले. निळ्या ताडपत्रीतून उजेड झिरपत होता, त्यामुळे पांढरे गणपती निळसर दिसत होते. तीस-चाळीस असतील, फळ्यांवर ओळीने, हात वर केलेले, सगळे अजून न रंगवलेले. आणि मागे भोकातून आमच्या गॅरेजचा हातदिवा पिवळा दिसत होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला.

"फोटो नको," मूर्तिकार म्हणाले. "डोळे काढूचे आसत अजून."

मी कॅमेरा खाली घेतला. तेव्हा त्यांनी हातातला बारीक ब्रश धुतला, एक मूर्ती पुढ्यात ओढली, श्वास रोखला आणि डाव्या डोळ्याची वरची रेघ एका झटक्यात काढली. कॉम्प्रेसर थांबला होता. मी फक्त बघत राहिले. उजवा डोळा झाल्यावर त्यांनी मूर्ती माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "आता काढा. आता तो पण बघता."

तोपर्यंत माझा नंबर लागला. मेस्त्री गाडीखाली गेले. वर गाडी, खाली दिव्याचा पिवळा गोल आणि त्यात फक्त त्यांचे दोन हात, हा फोटो मला हवाच होता. पण पाय चौकटीत येत नव्हते. मी एक पाऊल मागे गेले. दुसरं गेले. तिसऱ्या पावलाला जमिनीऐवजी ट्रे लागला आणि मी जळक्या ऑइलमध्ये बसले. पूर्ण. मांडी घालून म्हटलं तरी चालेल. कॅमेरा मात्र दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता, गोवर्धनासारखा.

मेस्त्री खालून म्हणाले, "काय पडला?"

"वैनी," त्यांचा पोरगा म्हणाला.

रात्री घरी साबण, सोडा, रॉकेल असं सगळं करून झाल्यावर लेकीला फोटो पाठवले. गडगा आणि आजोबा, गणपतीचा डोळा, रडणारी गाडी. मेस्त्रींनीही व्हॉट्सॲपवर काही फोटो पाठवले होते, बिलासोबत. ते प्रत्येक मालकाला पाठवतात, नाहीतर लोक म्हणतात जुना पार्ट दाखवा. घाईत मी तेही लेकीला पाठवून टाकले. दहा मिनिटांत तिचा फोन.

"आई, हा कुणी काढलाय?"

आमच्या गाडीचा डावा लिंक रॉड होता तो, चाकाजवळची खालची दांडी. मिठाने खाऊन पापुद्रे सुटलेले, तांबूस, करडे, काळे. मध्ये फाटलेल्या रबराच्या बुशमधून दिव्याचा उजेड आरपार येत होता आणि त्या उजेडाभोवती इंद्रधनुष्याचं एक बारीक कडं होतं. समुद्रात बुडालेल्या एखाद्या देवळाचा खांब वाटावा.

"त्यांना विचार कुठली लेन्स आहे. ते कडं कसं आणलं, विचार."

मी मेस्त्रींना फोन लावला. "लेन्स?" ते म्हणाले. "वैनी, मोबायल पान्यार पडलो, तेची काच फुटली हा. तेच्यातसून तसाच येता. दुरुस्त करूचो आसा." आणि मग जरा थांबून, "पोरग्यान तुमचो पण एक काढल्यान. ट्रेमधलो. पाठवू?"

तो लेकीने स्वतःच्या फोनवर वॉलपेपर म्हणून लावलाय.

रविवारी सकाळी प्रती घेऊन निघाले, तीन, आजोबांनी सांगितल्याप्रमाणे. नवराही बरोबर होता. गाडीचा खळ्ळ गेला होता आणि त्याला करमत नव्हतं. पंक्चरच्या दुकानापाशी वळले तर गडग्याजवळ आजोबा उभे होते, नव्या बंडीत. त्यांच्या मागे आणखी पाच माणसं आणि दोन आज्या. सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या. आजोबा नवऱ्याकडे बोट करून लोकांना म्हणाले, "ह्ये बाईंचे शिपाय."

मी गाडी लावली. रात्री पाऊस पडून गेला होता आणि उजेड चांगला होता. पहिल्या आजींनी सातबारा छातीशी धरला. त्यांचा गडगा लांबलचक होता, म्हणून मी मागे सरत गेले, आणखी मागे सरत गेले, आणि शेजारच्याच्या सातबाऱ्यात शिरले.